आदल्या दिवशीचं फुलपाखरू

जानू तांडेल भित्रा आहे, ही गोष्ट करावे गावात कधी लपून राहिली नाही. कोळ्याच्या घरात जन्म, दाराशी खाडी, बापाची स्वतःची होडी, आणि हे पोरगं गुडघाभर पाण्यात गेलं की बोंब ठोकणार! बापाने दोनदा उचलून होडीत टाकला. दोन्ही वेळा तो होडीच्या तळाशी आडवा पडला, डोळे मिटले आणि काठ लागेपर्यंत उघडले नाहीत. तिसऱ्या वेळी बापानेच हात जोडले. "याला कुठं तरी कोरड्या जागी चिकटवा रे," असं तो गावभर सांगत सुटला. पुढे वीस वर्षं गावाने ते वाक्य जानूला ऐकवलं.

कोरडी जागा मिळाली तळोज्याला, एका काचेच्या कंपनीत. पण जागा बदलली म्हणून माणूस थोडाच बदलतो? जानू कुत्र्याला भितो, लिफ्टला भितो, बँकेत सही करताना भितो. घराबाहेर पडताना गॅस तीनदा बघतो, आणि गल्लीच्या टोकाहून परत येऊन चौथ्यांदा बघतो. त्याची बायको जमुना सीवूड्सच्या नाक्यावर मासळी विकते, आणि तिच्या तोंडाला कोणी लागत नाही. ती म्हणते, "आमच्या घरात गॅस पेटवाया येक मानूस नि बघाया चार." त्यावर जानूही हसतो. त्याला वाईट वाटत नाही, कारण ते खरंच आहे.

पण गंमत बघा, कंपनीत मात्र या भित्र्या माणसाला मोठा मान होता. का, ते कळायला तिथलं काम थोडं समजून घ्यावं लागेल. तिथे खिडक्या बनतात. साध्या नाहीत. दोन काचा, मधे बोटभर पोकळी, त्या पोकळीत कोरडी हवा कोंडलेली. म्हणजे बाहेरचं ऊन आणि गाड्यांचा आवाज बाहेरच राहतो. दोन्ही काचांच्या मधे ॲल्युमिनियमची पट्टी, आणि पट्टीच्या बाहेरून चारी कडांना काळं सीलंट भरतात. ते सुकलं की टायरच्या रबरासारखं घट्ट होतं. मग ती जोडकाच साच्यात ठेवायची, भोवती पातळ रसायन ओतायचं, दहा मिनिटांत सबंध चौकट तयार. आतली काच त्या चौकटीत पक्की बसते. बाहेरची काच मात्र चौकटीत येत नाही. हल्ली लोकांना इमारत बाहेरून गुळगुळीत, आरशासारखी लागते ना, म्हणून. त्या बाहेरच्या काचेला धरून ठेवतं ते फक्त काळं सीलंट. एवढं लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल.

हे सीलंट दोन पिंपांतून येतं. एक मोठं पिंप पांढऱ्याचं, एक छोटं काळ्याचं, दहाला एक असं प्रमाण. मशीन दोन्ही ओढतं आणि नळीत घोटून एकजीव करतं. एकजीव झालं तर ठीक. नाही झालं तर ते कधीच नीट सुकत नाही, महिना गेला तरी आतून श्रीखंडासारखं मऊ राहतं. म्हणून रोज सकाळी मशीन सुरू करण्याआधी एक परीक्षा घ्यायची. कागदावर सीलंटचा ठिपका टाकायचा, कागद मधोमध घडी करून दाबायचा आणि उघडायचा. आत दोन पंखांचं काळंभोर फुलपाखरू उमटतं. कंपनीत सगळे त्याला फुलपाखरूच म्हणतात. पंखात पांढरी रेघ दिसली की मिश्रण कच्चं. नाही दिसली की कागद रजिस्टरमध्ये चिकटवायचा, तारीख, वेळ आणि सही करायची, मग मशीन सुरू. त्याआधी नाही.

हे काम चौदा वर्षं जानूकडे होतं. दुसरा कोणी असता तर ठिपका टाकला, बघितला, चला पुढे. जानू तीन कागद करायचा. एक ट्यूबलाइटखाली धरायचा, एक दारात उन्हात, आणि तिसरा उगाच, मनाच्या समाधानासाठी. लोक वैतागायचे. पण चौदा वर्षांत त्याच्या टेबलावरून कच्ची काच बाहेर गेली नव्हती. क्वालिटीच्या मुख्य नंदिनी मॅडम, तिशी नुकतीच ओलांडलेल्या, हुशार, कायम घाईत, त्याच्या सहीखाली न बघता सही ठोकायच्या. "जानूकाकांनी बघितलंय ना? मग झालं," म्हणायच्या.

एप्रिलमध्ये गावदेवीची जत्रा आली. देवळातून पालखी उचलताना पहिला खांदा तांडेलांच्या घराचा, आणि बाप गेल्यापासून तो मान जानूचा. पालखी सकाळी सातला निघणार, म्हणजे कंपनीत पोचायला अकरा वाजणार. अर्ध्या दिवसाची रजा मागायची, एवढंच. पण त्या आठवड्यात खारघरच्या एका नव्या शाळेची मोठी ऑर्डर होती, इमारतीची सबंध दर्शनी बाजू काचेची, आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये मॅडम म्हणाल्या होत्या, "या आठवड्यात कोणी रजा मागितली तर मी काय करेन ते माझं मलाच माहीत नाही." बोलल्या त्या थट्टेत. बाकीचे हसले, जानूने मात्र ते खरंच मानलं. तीन दिवस तो केबिनच्या दारापर्यंत गेला आणि तीन दिवस परत आला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता, मशीन बंद करायच्या आधी, त्याने एक कागद घेतला. त्या वेळी मिश्रण फार सुंदर निघत होतं, काळं कुळकुळीत. ठिपका टाकला, घडी घातली, उघडलं. फुलपाखरू देखणं. त्याने ते रजिस्टरच्या पुढच्या पानावर चिकटवलं, त्यावर दुसऱ्या दिवशीची तारीख घातली, सकाळी आठची वेळ लिहिली आणि सही केली.

मशीन चालवणारा कृष्णात शेजारी उभा होता. कोल्हापूरकडचा, जानूला मामा म्हणायचा. "मामा, हे काय ओ?"

"उद्याचं आहे. मी अकराला येतो. तू आठला सुरू कर, रजिस्टर मॅडमकडे सहीला नेऊन दे. कोणाला बोलू नकोस."

"लई भारी!" कृष्णात खदखदून हसला. "परवाचं बी करून ठिवा की मग."

आता सांगा, जो माणूस गॅस चार वेळा बघतो, त्याने हे करावं? पण घाबरट माणसाचं असंच असतं. ज्याला भ्यायचं ते बाजूला राहतं आणि जे समोर उभं आहे त्यालाच तो भितो. मॅडम समोर होत्या, काच समोर नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने पालखीला खांदा दिला, गुलालाने माखला, मनापासून नाचला. सव्वाअकराला कंपनीत पोचला तेव्हा मशीन तीन तास चालू होतं. दुसरा असता तर हात धुऊन कामाला लागला असता. जानूने आधी कागद घेतला, ठिपका टाकला, घडी घातली, उघडली.

पंखांत पांढऱ्या रेघा होत्या. केसासारख्या बारीक, पण दहा-बारा तरी असतील.

त्याने कृष्णातला हाक मारली. कृष्णातने सकाळी काळ्याचं पिंप बदललं होतं. बदलताना नळीत हवा शिरली आणि पंप मधेच काळं ओढायचा, मधेच नुसती हवा. दोघांनी मशीन थांबवलं, हवा काढली, पुन्हा ठिपका घेतला. आता चांगलं आलं. पण सकाळपासून भरलेल्या बावीस काचा मागच्या घोड्यावर, म्हणजे काचा उभ्या ठेवायच्या लोखंडी स्टँडवर, उभ्या होत्या.

करायचं काय, हे शाळेतलं पोरही सांगेल. बावीस काचांना लाल स्टिकर लावायचा आणि त्या बाजूला काढायच्या. पण लाल स्टिकर लावला की फॉर्म भरावा लागतो. फॉर्म मॅडमकडे जातो. मॅडम रजिस्टर उघडणार आणि विचारणार, सकाळी आठला एवढं छान फुलपाखरू आलं होतं, मग हे कसं? लाल स्टिकरची गुंडाळी हातात धरून जानू पाच मिनिटं तसाच उभा राहिला. मग गुंडाळी खिशात गेली. इथे त्याचा राग येतो, यायलाच हवा. त्याचा त्यालाही आला.

"मामा, एवढा ताप करून घेऊ नका," कृष्णात म्हणाला. "उद्या बोट लावून बघू. मऊ लागल्या तर गुपचूप खोलू, कोनाला कळतंय?"

जानूने मान डोलावली. त्याला तेवढाच आधार हवा होता.

दुसऱ्या दिवशी तो सातलाच आला. घोडा रिकामा! ऑर्डर घाईची म्हणून साच्याच्या खात्याने दुसऱ्या पाळीतच काचा उचलल्या होत्या. बावीसच्या बावीस काचा चौकटी बसून पलीकडे उभ्या. कड आता दिसणार कुठून? चारी बाजूंनी टणक काळी चौकट, तिच्या आत सीलंट. जानूने एकीची चौकट अंगठ्याने दाबली, दुसरीची दाबली, तिसरीची दाबली. दगडासारख्या लागल्या. चौकट दगडासारखी लागणारच, तिच्या आत काय आहे हे अंगठ्याला काय कळणार? दुपारी ट्रक भरला आणि खारघरला गेला.

इथून पुढचे दोन महिने जानूचे काय हाल झाले ते त्याचं त्याला ठाऊक. रोज वाटायचं, आज सांगू. रोज केबिनच्या दारापर्यंत जायचा, आणि मॅडमनी वर बघितलं की "काही नाही मॅडम, रजिस्टर ठेवायचं होतं," म्हणून परतायचा. रविवारी बस पकडून खारघरला जायचा आणि शाळेसमोरच्या फुटपाथवर उभा राहून वर बघायचा. पाच मजले काच. सकाळच्या उन्हात डोळे दिपायचे. त्यातल्या बावीस कोणत्या, हे खालून कळायला काही मार्ग नव्हता. पाणी निदान आवाज तरी करतं, काच थोडी पाण्यासारखी असते? वर तापायची, पावसात गार व्हायची, वाऱ्याने ताणली जायची, आणि तरीही गप्प असायची. एकदा वॉचमनने हटकलं, "काय पाहिजे काका?" जानू म्हणाला, "काचा बघतो." वॉचमन म्हणाला, "बघा, बघायला पैसे पडत नाहीत."

जूनच्या पहिल्या रविवारी तो गेला तेव्हा फाटकावर बोर्ड लागला होता. सोळा तारखेपासून शाळा सुरू. आत पटांगणात रंगारी काम करत होते. काचेच्या भिंतीला अगदी लागून, जमिनीवर पांढऱ्या रेघा आखल्या जात होत्या आणि रेघांवर छोटे छोटे गोल. जानूने विचारलं, हे कशाला?

"प्रार्थनेला पोरं उभी राहणार ना," रंगारी म्हणाला. "एकेका गोलात एकेक. लहानगी पुढे, भिंतीजवळ."

जानूने गोल मोजले. पहिल्या रांगेत चाळीस होते. दुसरी रांग अर्धवट सोडून तो फाटकाबाहेर येऊन बसला. ते गोल एवढेसे होते, वीतभर सुद्धा नसतील.

घरी गेला तर ताट तसंच राहिलं. जमुना ओट्यावर बोंबील साफ करत होती. दोन महिने ती बघत होती, पण आज तिने सुरी खाली ठेवली.

"काय झालंय तुमाला? दोन म्हयनं बघताय मी. पानी पन घशाखाली उतरत नाय तुमच्या. कोन काय बोललं?"

आणि जानूने सांगितलं. पालखी, कागद, पांढऱ्या रेघा, बावीस काचा, सगळं. सांगताना ततपप झालं, पण सांगितलं. जमुनाने मधे एकदाही तोंड उघडलं नाही. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

"पोरं कवा येनार?" तिने विचारलं.

"सोळाला."

"मंग इथं काय करताव?"

"नोकरी जाईल गं. पोलीससुद्धा येतील."

"येऊ दे. तुमी पान्याला भ्यालात, कुत्र्याला भ्यालात, मी हसली. सगल्या गावाबरोबर हसली. पन ते सांगायला भ्यालात नि एक पोर जरी..." तिने ओट्यावरचे बोंबील बाजूला सारले. "मी नाय हसनार मंग. मी तुमच्या घरात पन नाय र्‍हानार."

सोमवारी सकाळी जानू केबिनच्या दारात थांबला नाही, आत गेला. मनात तीन वाक्यं घोकली होती, तिन्ही विसरला. रजिस्टर टेबलावर उघडून ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, हे फुलपाखरू आदल्या दिवशीचं आहे."

"म्हणजे?"

त्याने सांगितलं. मॅडम ऐकत होत्या आणि ऐकता ऐकता त्यांची नजर पानावर खाली सरकली. जानूच्या सहीखाली त्यांची स्वतःची सही होती, आठ वाजून पाच मिनिटांची. न बघता ठोकलेली.  त्या उठल्या आणि केबिनचं दार लावून घेतलं.

"अजून कोणाला माहीत आहे?"

"कृष्णातला. आणि घरी, बायकोला."

त्या खिडकीशी गेल्या. मग हळूच म्हणाल्या, "काका, दोन महिने झाले ना. एकसुद्धा पडलेली नाही. कदाचित उशिरा का होईना, सुकल्या असतील."

अहो, हेच वाक्य ऐकायला जानूचा जीव दोन महिने आसुसला होता! कोणीतरी शहाण्या, शिकलेल्या माणसाने म्हणावं, की सुकल्या असतील. आता कोणी म्हणालं होतं. नुसतं हो म्हणायचं, रजिस्टर मिटायचं आणि घरी जायचं. 

"मॅडम," तो म्हणाला, "तिथं गोल काढलेत. पोरांना उभं राहायला. लहानगी पुढं आहेत, भिंतीजवळ."

मॅडमनी डोळे मिटले. मग फोन उचलला.

दुसऱ्याच दिवशी शाळेचं पटांगण दोरी बांधून बंद केलं. गच्चीवरून झुला सोडला, इमारतीबाहेर लटकणारा तो पत्र्याचा पाळणा. काचांचे नंबर चौकटींच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत उठवलेले असतात, आणि त्या सकाळच्या बावीस नंबरांची यादी कंपनीतून आणली होती. ते शोधायचे, आणि कच्चं सीलंट हाताला कसं लागतं ते ओळखायचं. दोन काचवाले गडी होते, पण ओळखणारा एकच होता. मॅडम जानूकडे बघून म्हणाल्या, "काका, जमेल?" जो माणूस दुसऱ्या मजल्यावर लिफ्टने जात नाही, त्याला विचारत होत्या! "नाही जमणार," जानू म्हणाला आणि पट्टे बांधून घ्यायला हात वर केले.

झुला हलला तसा त्याने दांडा दोन्ही हातांनी धरला. डोळे मिटून चालणार नव्हतं, नंबर वाचायचे होते. चौथ्या मजल्यावर यादीतला पहिला नंबर सापडला. एका गड्याने काचेला हवेचा पकड-कप लावला आणि ती हलते का बघायला किंचित ओढली. किंचितच.

काच आली. आवाज नाही, तडा नाही, डब्याचं झाकण निघावं तशी ती आख्खी बाहेरची काच सुटून आली. तिच्यामागे काळ्या चिकट लोंब्या. "अरे पकड, पकड!" गडी ओरडला. तिघांनी मिळून ती चाळीस किलोची काच छातीशी धरली. झुला एका बाजूला कलला. जानूची बोटं काळ्याने माखली, आणि त्या बोटांच्या फटीतून खाली बघितलं तर पटांगणात ते गोल, बरोबर खाली. तिथेच, चौथ्या मजल्याच्या उंचीवर, दोन परक्या माणसांसमोर, त्रेपन्न वर्षांचा जानू मोठ्याने रडला. गड्यांनी त्याला रडू दिलं.

संध्याकाळपर्यंत काचा उतरवल्या. नऊ पार कच्च्या, बाकीच्या अर्धवट. शाळा आठवडाभर पुढे गेली. मॅडम खाली यादीवर एकेक खूण करत होत्या. शेवटची खूण झाली तेव्हा उतरलेल्या काचा एकवीस होत्या.

पुन्हा मोजल्या. एकवीसच. सगळी भिंत पुन्हा नंबराने तपासली, बाविसावी तिथे नव्हतीच. तळोज्याला फोन गेला आणि मग कृष्णातने आठवून आठवून सांगितलं. एकीच्या चौकटीत कोपऱ्याला पोकळी राहिली होती. ट्रक भरताना ते दिसलं, म्हणून साच्याच्या खात्याने ती चौकट खरवडून काढली, काच पुन्हा साच्यात घातली. नव्या चौकटीवर नवा नंबर पडला, तो कोणी लिहून ठेवला नाही. तोवर शाळेचा ट्रक निघून गेला होता, म्हणून ती दुसऱ्या कुठल्या तरी गाडीत चढवली. त्या आठवड्यात चार गाड्या गेल्या होत्या. उलवे, पनवेल, ठाणे आणि एक पुण्याकडे.

कंपनीने चारही ठिकाणच्या ठेकेदारांना पत्रं पाठवली, कारण त्यांनी काचा कुठल्या कुठल्या इमारतींना लावल्या हे कंपनीला ठाऊक नव्हतं. दोघांनी काचा वरवर तपासल्या, काही सापडलं नाही, आणि दोघांनी उत्तरच दिलं नाही. जानूकडून राजीनामा लिहून घेतला. मॅडमना दुसऱ्या खात्यात टाकलं. जाताना त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही नसता आलात तर मी कधीच बघितलं नसतं." 

आता तो सकाळी जमुनाला मासळीच्या टोपल्या नाक्यावर पोचवतो आणि मग बस धरतो. आज उलवे, उद्या पनवेल, परवा ठाणे. नवी, काचेची दर्शनी बाजू असलेली इमारत दिसली की समोर उभा राहतो. मजला मजला वर बघत जातो. कुठे काचेत धुकं धरलंय, कुठे कडेने काळं ओघळलंय, ते शोधतो. गावात लोक म्हणतात, जानूचं डोकं फिरलं. जमुना म्हणत नाही. ती डबा भरून देते.

परवा पनवेलला अशाच एका इमारतीखाली बसचा थांबा होता. एक बाई नातवाला कडेवर घेऊन उभ्या होत्या. जानूने हात जोडले.

"आजी, जरा पलीकडे उभ्या राहता का? वर काच आहे."

आजींनी वर बघितलं. आठ मजले काच होती. "अरे बाबा," त्या म्हणाल्या, "काच काय, सगळीकडेच आहे. मी कुठं कुठं सरकू?" आणि पोराला दुसऱ्या कडेवर घेऊन त्या तिथेच उभ्या राहिल्या.

जानूला वाटलं, पळावं. पाय तसे वळलेही होते. मग तो दोन पावलं पुढे आला आणि बस येईपर्यंत, वर बघत, त्या पोराच्या अगदी बाजूला उभा राहिला.